दोन भोपळ्यांचं लग्न

पेकचॉनबाईंनी नटवलेली नवरी कधी माहेरी परत आली नाही, असं कोरियातल्या आमच्या केसाँगात सगळे म्हणत. यात बाईंचं कर्तृत्व किती आणि त्या मुलींची सोशिकता किती, हा प्रश्न कुणी विचारत नसे. बाईंच्या समोर तर नाहीच नाही. त्यांचं खरं नाव त्यांच्या माहेरीच राहिलं. पेकचॉन गावाहून लग्न होऊन आल्या, म्हणून पेकचॉनबाई. नवरा लवकर गेला, पदरी मूलबाळ नव्हतं, आणि सासूने जाताजाता एकच गोष्ट सुनेच्या हाती दिली, ती म्हणजे नवरी नटवण्याचा धंदा.

हा धंदा म्हणजे नुसती वेणीफणी नव्हे. लग्नाच्या दिवशी सकाळी मुलीची कुमारपणाची वेणी सोडायची, केस वर घेऊन मानेवर अंबाडा बांधायचा, त्यात चांदीचा लांब काटा खोवायचा. मग गालांवर आणि कपाळावर लाल टिकल्या, अंगात जड झगा, डोक्यावर फुलांचा मुकुट. केसाँगच्या नवरीचा मुकुट असा काही असतो, की खाली मुलगी आहे हे सांगावं लागतं. त्यानंतर खरं काम सुरू. नवरीने डोळे मिटलेले, तोंडासमोर बाह्या धरलेल्या, बोलायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही. कुठे उभं राहायचं, कधी वाकायचं, कधी पेला ओठाला लावायचा, हे सगळं नवरीच्या बगलेत हात घालून उभी असलेली ही बाई ठरवणार. तीस वर्षं पेकचॉनबाईंनी ते ठरवलं. त्यांची उंची बेताची होती, आवाज मात्र बेताचा नव्हता.

"बोरं एवढीशीच? लग्न आहे की श्राद्ध?" असं त्या कुणाच्याही अंगणात उभ्या राहून विचारत, आणि यजमानीण मुकाट्याने बोरांचा ढीग वाढवी. कोंबडा नीट बांधलेला नसला तर कोंबड्याला बोलत, नवरदेव उशिरा आला तर नवरदेवाला. कुणी वाईट वाटून घेत नसे. त्यांच्या हातून चूक होत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळ्यांत जास्त त्यांना स्वतःला.

त्यांचं एकच दुःख होतं आणि ते त्या दर लग्नात बोलून दाखवत. लग्नघरी पाहुण्यांना गरम रश्शातल्या शेवया वाढतात. आमच्याकडे लग्नाच्या वयाच्या पोरीला "लग्न कधी" असं विचारतच नाहीत, "शेवया कधी घालतेस" असं विचारतात. नवरीला आतल्या खोलीत बसवून पेकचॉनबाई मोकळ्या होईपर्यंत त्यांच्या वाट्याच्या शेवया फुगून गार झालेल्या असत. "तीस वर्षं लग्नं लावली, पण गरम शेवई कशी लागते ते मला कुणी सांगा," असं म्हणून त्या तो गार लगदा संपवत.

त्या वर्षी शरद संपत आला होता, छपरांवर लाल मिरच्या वाळत होत्या, तेव्हा सोलहून सिनेमावाले आले. 'येसोंगकाठचे अश्रू' नावाचा सिनेमा काढत होते. गोष्ट अशी की गरीब विद्यार्थ्यावर जीव असलेल्या मुलीचं लग्न तिच्या घरचे एका जमीनदाराच्या मुलाशी जबरदस्तीने लावतात, आणि शेवटी ती नदीत जीव देते. लग्न केसाँगचं हवं, कारण असा मुकुट दुसरीकडे मिळत नाही. दिग्दर्शक तोक्योत शिकून आलेला, चपटी टोपी घातलेला तरुण होता. तो पेकचॉनबाईंकडे कपडे भाड्याने मागायला आला.

"नुसते कपडे मिळत नाहीत," बाई म्हणाल्या. "कपड्यांबरोबर मी येते."

"पण आजी, हे खोटं लग्न आहे."

"आजी कुणाची रे? आणि खोटं लग्न कसं लावतात ते मला येत नाही. मला एकच प्रकार येतो. हवा तर घे."

त्याने घेतला. सोनामदोंग गल्लीतल्या एका कौलारू घराच्या अंगणात चटया पडल्या, पडदे लागले, टेबल मांडलं. बाईंनी त्यावर बोरं, चेस्टनट, पाइन आणि बांबूच्या फांद्या, बांधलेला कोंबडा आणि कोंबडी, सगळं जिथल्या तिथे ठेवलं. नवरदेवाने नवरीच्या घरी द्यायचा लाकडी हंस आणला. दिग्दर्शकाने पाहुण्यांसाठी रिकामे वाडगे मागवले होते. बाईंनी ते पाहिले आणि त्यांचा पारा चढला.

"माणसं बसवायची आणि शेवया नाहीत? केसाँगचं नाव घालवतोस?"

शेवया शिजल्या. पाहुणे म्हणून बसायला आख्खा मोहल्ला आला होता. सिनेमा म्हणजे काय ते निम्म्यांना माहीत नव्हतं, लग्न म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत होतं. कुणी अंडी आणली, कुणी कापड आणलं, आणि हात हलवत कुणीच आलं नाही.

मग नटीला आणलं. मेह्वा तिचं नाव. गोड पोरगी, हसरी. तिने डोक्यावरची टोपी काढली आणि पेकचॉनबाईंच्या हातातला कंगवा हातातच राहिला. मुलीचे केस मानेशी कापलेले होते.

"हे काय गं बाळ? आजारी होतीस का?"

"नाही मावशी, फॅशन आहे."

"मग वेणी कुठाय?"

"ती सोलच्या न्हाव्याकडे राहिली."

आता आली पंचाईत. नवरीची वेणी सोडून केस वर बांधतानाचं चित्र दिग्दर्शकाला जवळून हवं होतं. ते त्याच्या सिनेमाचं काळीज होतं म्हणे. खोट्या केसांचा टोप लावून पाहिला, तर काटा खोवताच सगळा अंबाडा मेह्वाच्या मांडीवर आला. पाहुणे खो खो हसले, कोंबडा ओरडला, दिग्दर्शकाने टोपी जमिनीवर आपटली.

फाटकाशी तान्शिल उभी होती. डोक्यावर पाण्याचा घडा, आणि पाठीवर कमरेच्या खाली रुळणारी काळीभोर वेणी. भाजी मुरवून विकणाऱ्या विधवेची ही मुलगी, पेकचॉनबाईंच्या शेजारच्याच घरातली. दिग्दर्शकाने त्या वेणीकडे असं पाहिलं, की तान्शिलने घडा सावरला.

"मावशी, मी बसते की!" कळल्यावर ती म्हणाली. "नुसती पाठ दिसणार ना? माझी पाठ कोण ओळखणार!"

तिची आई कचरली. तान्शिलचं लग्न बोलून ठेवलेलं होतं. जिन्सेंगच्या औषधी मुळ्यांचे मळे असलेल्या वांगांच्या नातवाशी, किसॉपशी, आणि मुलगा चांगला होता. गेल्या वसंतात झोपाळ्यांच्या सणाला त्याने तान्शिलला उंच झोका घेताना पाहिलं आणि तेव्हापासून त्याला मळ्याहून घरी जायची वाट फक्त याच गल्लीतून माहीत होती.

"ताई, यात काही वावगं नाही ना?" आईने पेकचॉनबाईंना विचारलं.

"मी आहे ना," बाई म्हणाल्या.

दिवसभर मग दोन नवऱ्या आणि एक झगा. चेहरा हवा असला की मेह्वा, पाठ आणि केस हवे असले की तान्शिल. मेह्वाला वाकून नमस्कार करायला सांगितलं तर ती मुकुटासकट कलंडली, म्हणून नमस्कारही तान्शिलनेच केले, बाह्यांआड तोंड लपवून, पेकचॉनबाईंच्या हाताच्या आधाराने, अगदी नेटके. एकीच्या अंगातून झगा काढायचा, दुसरीच्या अंगात घालायचा, टिकल्या पुसायच्या, लावायच्या. तेवढ्यात दिग्दर्शक ओरडायचा, "उजेड जातोय, उजेड जातोय!" भोपळ्याच्या वाट्या आल्या. एकच भोपळा मधून कापून त्याच्या दोन वाट्या करायच्या, नवरानवरीने त्यांतून दारू प्यायची. मग आतल्या खोलीत त्या वाट्या पुन्हा जोडून टांगायच्या. त्या दोन वाट्या जगात दुसऱ्या कशाशीही जुळत नाहीत, म्हणून ते लग्न. बाई नेहमी एक जोडी जास्तीची नेत. टोपलीतली एक वाटी मेह्वाच्या हातात गेली, एक नटाच्या. चित्र झालं, उजेड गेला, आणि वाट्या टोपलीत पडून घरी आल्या. हे लग्न कुणाच्या खोलीत टांगायचं नव्हतं, म्हणून जोडून कुणी पाहिल्या नाहीत. पुढे एका वाटीने तांदूळ मोजले जाऊ लागले, एकीने पाणी.

सिनेमावाले गेले. आठवडाही झाला नसेल, विहिरीवर बोलणं सुरू झालं.

"आम्ही शेवया खाल्ल्या बाई तिच्या लग्नाच्या."

"मी तर अंडी दिली."

"केस वर गेले होते, आता पुन्हा वेणी! वर गेलेले केस कधी खाली येतात का?"

वांगांच्या घरून निरोप आला तो असा: ज्या मुलीचे केस एकदा बांधले गेले, ती आमच्या दारात कुमारिका म्हणून येऊ शकत नाही. निरोप वांगांच्या आजींचा होता. त्या घरात आजींचा शब्द खाली पडत नसे, कारण पडू द्यायची कुणाची छातीच नव्हती. तान्शिलने विहिरीवर जाणं सोडलं. तिची आई पेकचॉनबाईंच्या ओसरीवर येऊन बसली आणि रडली. रडून झाल्यावर एवढंच म्हणाली, "ताई, तुम्ही वर बांधलेत. आता तुम्हीच खाली घ्या."

पेकचॉनबाई त्याच पावली वांगांकडे गेल्या. मळ्यावरून आणलेलं जिन्सेंग अंगणात वाफेवर होतं. चुलीपाशी उभा असलेला किसॉप त्यांना पाहून सरळ झाला आणि पुन्हा चुलीवर वाकला. आजी आत पाटावर बसल्या होत्या.

"मालकीणबाई, ते लग्न खोटं होतं," बाईंनी उभ्या उभ्याच सांगितलं. "नाटक हो. नवरदेव सोलचा नट, त्याला तिकडे बायको आहे."

"टेबल होतं?"

"होतं."

"हंस? नमस्कार? शेवया?"

"होत्या. माझ्याच हट्टाने शिजल्या."

"आणि वाट्या?"

"त्याही होत्या."

आजींनी पाइप झाडला. "पेकचॉन, दुसऱ्या कुठल्या बाईने हे केलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. दक्षिण दरवाज्याजवळच्या त्या बाईने केलं असतं तरी म्हटलं असतं, असेल, काहीतरी राहून गेलं असेल. पण तुझ्या हातून काही राहतं का? माझ्या चारही सुना तू नटवल्यास. तू लावलेलं लग्न लागतं. नवरा कुठे का असेना, ती पोर कुणाची तरी झाली."

कुणी त्यांना नावं ठेवली असती तर त्यांनी दहा ऐकवली असती. त्यांची इतकी स्तुती कुणी कधी केली नव्हती, आणि त्या स्तुतीनेच पोरीचा गळा आवळला होता. त्या परत आल्या आणि त्या हिवाळ्यात पहिल्यांदा एका लग्नात बोरांबद्दल काही बोलल्या नाहीत.

बर्फ वितळल्यावर सिनेमा केसाँगच्या थिएटरात लागला. आपली गल्ली पडद्यावर दिसणार म्हणून गर्दी उसळली. खाली पुरुष, वर माडीवर बायका. मागच्या उंच खुर्चीत नेहमीप्रमाणे जपानी सरकारचा पोलिस, कुठे बंड होतंय का ते बघायला. पडद्याशेजारी निवेदक उभा. सिनेमा मुका, बोलायचं त्याने. नायिका, नायक, सासू, कुत्रा, सगळ्यांचे आवाज त्याच्या एका घशात. वांगांच्या आजी सुनेचा हात धरून आल्या आणि माडीवर पहिल्या रांगेत बसल्या. पेकचॉनबाई त्यांच्या मागे दोन रांगा सोडून. तान्शिल आली नाही. ती घरी दार लावून बसली होती.

बायका सुकवलेल्या माकुल माशाच्या पट्ट्या चघळत पाहू लागल्या आणि लवकरच चघळणं थांबलं. निवेदक काय रडला म्हणता! त्याने नायिकेच्या आवाजात "आई, मला त्या घरी पाठवू नकोस" म्हटलं आणि सगळ्या माडीने बाह्या डोळ्यांना लावल्या. मग लग्न आलं. पडदाभर काळी वेणी उलगडली, केस वर गेले, काटा खोवला. ती तान्शिलची वेणी. आपले स्वतःचे हात एवढे मोठे झालेले पाहून बाईंना थोडं बरंही वाटलं, खोटं कशाला सांगू. गालावरच्या लाल टिकल्या मात्र काळ्याकुट्ट दिसत होत्या. नमस्कार झाले. आणि मग पडद्यावर दोन हात आले, दोन हातांत दोन वाट्या, एकेक वाटी कढईएवढी.

नवऱ्याच्या हातात गोल वाटी होती, नवरीच्या हातात लांबोडकी, निमुळत्या मानेची.

पेकचॉनबाई पुढे वाकल्या. गोल भोपळा त्यांच्या स्वतःच्या छपरावरचा. लांबोडका शेजारणीकडून मागून आणलेला, जास्तीच्या जोडीचा. एका जोडीतली एक, दुसऱ्या जोडीतली एक. तीस वर्षांत जे कधी झालं नव्हतं ते झालं होतं, आणि ते केसाँगच्या सगळ्या माणसांपुढे भिंतीएवढं होऊन उभं होतं.

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. कुणालाच दिसलं नव्हतं. सगळ्यांचे डोळे भरलेले, बाह्यांत बुडालेले. समोर आजी इतक्या हुंदके देत होत्या, की सून त्यांची पाठ थोपटत होती. गप्प बसलं तर हे चित्र आत्ता सरकेल आणि परवाच्या गाडीने प्याँगयांगला जाईल. तिथे कोण ओळखतंय? बाईंचं नाव जसंच्या तसं राहील. वाट्यांची अदलाबदल करणारी बाई कुणी आपल्या मुलीजवळ उभी करत नाही. तो अपशकुन, तिथे क्षमा नाही. बाईंना भीती वाटली. आणि त्याच भीतीत त्यांना स्वतःचे शब्द आठवले, मी आहे ना.

त्या उठल्या.

"थांबवा! अहो, थांबवा ते!"

"बसा खाली!" पुरुषांच्या बाजूने आवाज आला.

"मालकीणबाई, डोळे पुसा आणि वर बघा! त्या वाट्या बघा! एका भोपळ्याच्या नाहीत त्या!"

तोवर वाट्या गेल्या होत्या आणि नायिका दिव्यापाशी बसून नदीकडे पाहत होती. मागे पोलिस खुर्चीतून अर्धवट उठला, पण बंड भोपळ्यांचं आहे हे पाहून पुन्हा बसला. निवेदकाचा संताप झाला.

"ओ बाई! नायिकेला अजून बुडायचंय, मला बोलू द्या!"

"तू तिला बुडव," पेकचॉनबाई म्हणाल्या. "मला माझी पोर वर काढायचीय."

आजी वळल्या होत्या. चेहरा ओला, नजर मात्र कोरडी. "काय म्हणालीस?"

"मी चुकले. वाट्या बदलल्या. मी, पेकचॉनबाई, चुकले. ते लग्न लागलंच नाही."

"चुकलीस? तू?" आजींनी बाईंना खालपासून वरपर्यंत पाहिलं. "खोटं बोलतेस. पोरीसाठी खोटं बोलतेस."

"मग उद्या या परत आणि बघा. पडदा काही माझा नातलग नाही."

दुसऱ्या दिवशी थिएटरच्या मालकाला दारात उभं राहायला जागा उरली नाही. आदल्या दिवशी जे नायिकेसाठी रडले होते ते आज भोपळे बघायला आले होते. निवेदकही हुशार माणूस. आपल्या धंद्यात फायदा कुठे ते त्याला एका रात्रीत कळलं होतं. नमस्कार झाले, तसा त्याने रडका आवाज टाकून दिला आणि घसा खाकरून म्हणाला, "आणि आता, रसिकहो, वाट्या."

हशा पिकला. पेकचॉनबाई माडीवर ताठ बसून होत्या. तो हशा त्यांच्या अंगावर येत होता आणि त्यांनी मान खाली घातली नाही. आजी काठीवर भार देऊन उभ्या राहिल्या. पडद्यावर गोल वाटी आली, लांबोडकी वाटी आली. हशा हळूहळू थांबला, कारण आजी अजून पाहत होत्या. वाट्या सरकून गेल्यावर त्या बोलल्या. मोठ्याने नाही, पण माडीवरून खालपर्यंत सगळ्यांना ऐकू आलं.

"हे लग्न नाही. ही भाजी आहे."

माडी हसली, खालचे पुरुष हसले, म्हातारी हसली नाही. तिने सुनेला सांगितलं, "तान्शिलच्या आईला निरोप दे. चौथ्या महिन्यात चांगला दिवस पाहू." मग काठी पेकचॉनबाईंकडे रोखली. "पण नवरी नटवायला ही नको."

"बरोबर आहे," पेकचॉनबाई म्हणाल्या. "मीसुद्धा बोलावलं नसतं."

घरी गेल्यावर त्यांनी तांदळाच्या डब्यातली वाटी काढली, पाण्याच्या माठातली काढली आणि एकमेकींना लावून पाहिली. एका बाजूने फट राहिली, तीन बोटं जातील एवढी. त्यांना रडू आलं आणि ते आपल्या कामासाठी आलं, हे त्यांनी स्वतःपाशी कबूल केलं. पोर सुटली होती, त्याचा आनंद होता. दोन्ही एकदम असतं माणसाला.

त्या वसंतात त्यांना कुणी बोलावलं नाही. ज्या दोन घरांनी आधी सांगून ठेवलं होतं, त्यांनी दुसरी बाई पाहिली. फुलांचा मुकुट पेटीत पडून राहिला. एक दिवस तान्शिल आली. पाठीवर वेणी, हातात आईने दिलेली भाजीची बरणी, आणि डोळे लाल.

"मावशी, मी दुसऱ्या कुणाच्या हातून केस बांधून घेणार नाही."

"नखरे नकोत. दक्षिण दरवाज्याची ती बाई जरा जोरात ओढते, पण लग्न नीट लावते. फक्त तिला सांग, काटा एकदा फिरवून घाल म्हणावं, तुझे केस निसटते आहेत."

"तुम्ही माझ्यासाठी तुमचं..."

"तुझ्यासाठी काही नाही. चूक माझी होती, मी सांगितली." बाईंनी छपराखालून एक भोपळा काढला. वाळलेला, जड, गोल, न कापलेला. "हा घेऊन जा. तिथे तुझ्यासमोर कापायला लाव. भोपळ्यांच्या बाबतीत आता माझ्यावर कुणी भरवसा ठेवू नये. तूसुद्धा."

तान्शिल रडता रडता हसली आणि भोपळा कवेत धरून गेली.

लग्नाच्या दिवशी पेकचॉनबाई पाहुण्या म्हणून गेल्या. हात रिकामे, साधा पांढरा पोशाख, बसायला चटईवर इतर बायकांच्या ओळीत जागा. दक्षिण दरवाज्याची बाई नवरीला घेऊन आली. नवरी वाकायला लागली, तेव्हा बाई चटईवरून अर्ध्या उठल्या आणि पुन्हा बसल्या. अंबाडा घट्ट होता, काटा फिरवून घातलेला होता. बोरं कमी होती. त्या काही बोलल्या नाहीत. पण शेजारणीला कोपराने ढोसून बोरं दाखवली. भोपळा सगळ्यांसमोर कापला गेला. किसॉपने अर्धी दारू बाहीवर सांडली. वाट्या जुळल्या.

मग शेवया आल्या. पेकचॉनबाईंच्या पुढ्यात वाडगा ठेवायला नोकर नव्हता आला. वांगांच्या आजी काठी टेकत स्वतः आल्या होत्या, मागे सून वाडगा धरून. वाफ निघत होती.

"खा," आजी म्हणाल्या. "गरम आहेत."

बाईंनी वाडगा तोंडाशी नेला, रस्सा घेतला, एक घास शेवया घेतल्या. जीभ भाजली. तीस वर्षांत पहिल्यांदा. डोळ्यांत पाणी आलं ते कशाने, हे कुणी विचारलं नाही.

"कशा आहेत?" आजींनी विचारलं.

"मीठ जास्त आहे," पेकचॉनबाई म्हणाल्या, आपल्या नेहमीच्या आवाजात.

तो आवाज अंगणाच्या पलीकडे पोचला. मुकुटाखाली, बाह्यांच्या आड, डोळे मिटलेली नवरी हसली. सगळ्यांनी पाहिलं. बायकांनी तोंडावर हात नेला.

"नवरी हसली! आता पहिली मुलगीच होणार हिला!"

"होऊ दे," पेकचॉनबाई म्हणाल्या. "ती केस बांधण्याएवढी होईपर्यंत हे भोपळे तुम्ही सगळ्या विसरलेल्या असाल." आणि वाडगा रिकामा करून पुन्हा पुढे केला.